लाकडाच्या तासातली खोडलेली ओळ

विसू,

तू गेल्याची बातमी आली तेव्हा मी "ठेव तिथं फळीवर" असं म्हणालो.

बोर्लीहून टपाल घेऊन येणारा रामा माझ्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला होता. मी मचव्याची फळी तासत होतो. त्याचे ओठ हलले, मी मान हलवली, आणि त्याला रोज सांगतो तेच सांगितलं. तो जाईना. शेवटी ही घरातून धावत आली, माझ्या उजवीकडे झाली, हातातला वाकस काढून घेतला आणि म्हणाली, "अहो, विसूभावजी गेले. पुण्याला. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारच्या आत सगळं आटपलं. रामा मघापासून तेच सांगतोय तुम्हाला."

रामाने एव्हाना गावभर केलं असेल, की मिस्त्रीचं काळीज लाकडाचं आहे. करू दे. खरं काय ते त्याला ठाऊक नाही. खरं असं आहे की मला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याने अर्धंमुर्धं येतं. चाळीस वर्षं गलबतांच्या पोटात बसून खिळे ठोकले, त्यात कान गेले. कधी गेले ते नेमकं सांगता येणार नाही. भरतीचं पाणी ओसरतं तसे गेले. हिला ठाऊक होतं, पण तिने कधी तोंडातून काढलं नाही. मी तर नाहीच नाही. आज पहिल्यांदा लिहितोय, ते तुला. तू आता कोणाला सांगणार नाहीस म्हणून नव्हे. तुलाच आधी सांगायला हवं होतं म्हणून.

तुझ्यासाठी रडलो नाही असं समजू नकोस. रडलो. पण खोटं कशाला बोलू, रडू दोन दिवसांत आटलं आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. ती अजून उठलेली नाही.

तुझ्या कॉलेजातल्या सोमणमास्तरांचं पत्र आलं. ते म्हणतात, सरांच्या आठवणींचा अंक काढतोय, तुम्ही लहानपणापासूनचे सोबती, तुम्हीही चार ओळी लिहा. मी दुसरी पास. तिसरीत तुझ्या शेजारी सहा महिने बसलो आणि मग बापाने हातात वाकस दिला. चार ओळी लिहायला मला चार दिवस लागतात. तरी नाही म्हटलं नसतं. पण पत्र तिथंच संपत नव्हतं. पुढे लिहिलं होतं: सरांच्या टेबलावर पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचे कागद मिळाले. त्यात लाकडाच्या तासापुढे त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे, इथे गोपाळ मिस्त्रींचा शब्द शेवटचा. कागद महिनाअखेर छापायला जातील. काही बदल असेल तर कळवा. नसेल तर आहे तसं छापू आणि प्रस्तावनेत तुमचं नाव घालू.

विद्यापीठाच्या पुस्तकात माझं नाव! हे मी हिला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा वाचताना "काही बदल असेल तर" यापाशी अडकलो आणि पत्राची घडी घालून ठेवली.

*

तुला आठवतं ना सगळं कुठून सुरू झालं ते? येत्या मे महिन्यात तीन वर्षं होतील. इंजिनेरीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना काय शिकवायचं ते नव्याने ठरवायला विद्यापीठाने कमिटी नेमली आणि काम तुझ्या गळ्यात आलं. तू सुट्टीला दिवेआगरला आलास तो कागदांची पिशवी घेऊनच. घरी आंबे खायचे सोडून माझ्या मांडवात येऊन बसलास, अर्ध्या बांधलेल्या मचव्याच्या सावलीत. वाडीतून सुपाऱ्या मागवल्यास आणि वाळूवर मांडल्यास.

"आठवड्याचे तास छत्तीस," तू म्हणालास. "या छत्तीस सुपाऱ्या. आता वाटण्या करू. गणिताला दहा. ड्रॉइंगला आठ. पदार्थविज्ञानाला सहा, रसायनाला चार, मोजणीला चार. राहिल्या चार, त्या कारखान्यातल्या कामाला."

"चार?" मी म्हणालो. "चार तासांत पोरगा वाकस धरायला शिकत नाही. पायाची बोटं मोजायला शिकतो, किती उरली ती."

"मग कोणाच्या काढू?"

"गणिताच्या काढ."

"गणिताच्या काढल्या तर पूल पडतील, गोपाळा."

"माझी गलबतं गणितावाचून तरंगतात."

"तरंगतात. तुझ्या पणज्यांच्या पणज्यांनी किती बुडवली ती कोणी लिहून ठेवली नाहीत, एवढंच."

मला राग आला. तू पाणी प्यायला उठलास तेवढ्यात मी गणिताच्या दोन सुपाऱ्या कारखान्याच्या ढिगात सरकवल्या. वर चिडून रसायनाची एक अडकित्त्यात घालून कातरली आणि तोंडात टाकली. तू येऊन बघितलंस. "अरे मेल्या, पोरांचा रसायनाचा तास खाल्लास!" म्हणून एवढा हसलास की डोळे पुसायला पंचा घ्यावा लागला तुला. मग गणिताची एक सुपारी परत नेलीस, एक राहू दिलीस. त्या एका सुपारीसाठी तू कमिटीत कोणाकोणाशी भांडलास हे मला सोमणमास्तरांच्या पत्रातून आता कळलं. तू स्वतः कधी बोलला नाहीस.

मी तुला विचारलं होतं, पहिल्या वर्षाला येणारा हा पोरगा असतो तरी कसा? तू म्हणालास, "हुशार असतो. आजवर सगळं बरोबर करूनच इथवर आलेला असतो. त्याला शेवटच्या पानावर उत्तर बघायची सवय असते. आणि पुलाला शेवटचं पान नसतं. म्हणून मला पहिल्याच वर्षी त्याच्या हातात अशी वस्तू द्यायची आहे, जिच्या आत काय आहे ते वरून दिसत नाही."

"मग लाकूड दे," मी म्हणालो. "आणि ठोकायला लाव."

आपल्या किनाऱ्याची रीत तुला सांगायला नको, पण हे सोमणमास्तरांच्या अंकात छापून येईल, तर घाटावरच्या माणसांसाठी सांगतो. नवी डोलकाठी निवडताना मिस्त्री उंडीच्या झाडाचा सरळ सोट जमिनीवर आडवा घालतो. एका टोकाला कान लावतो, दुसऱ्या टोकाला मोगरीने तीन ठोके घालायला लावतो. लाकूड आतून भरीव असेल तर खणखणीत आवाज येतो. कुजलं असेल, पोकळ असेल, तर बद्द वाजतं. मग मिस्त्री उठतो आणि एकच शब्द बोलतो, "बोलते." मिस्त्री बोलते म्हणाला की नाखवा, म्हणजे गलबताचा मालक, नारळ फोडतो आणि त्या काठीबद्दल पुन्हा कोणी काही विचारत नाही. तिला गिरमिटाने भोक पाडून बघणं म्हणजे काठीचाही अपमान आणि मिस्त्रीचाही. भोक पडलेली काठी आमच्याकडे कोणी गलबतावर उभी करत नाही.

तुला हे फार आवडलं. दुसऱ्या मे महिन्यात तू लाकडाचा तास लिहूनच आणलास. मला वाचून दाखवलास: विद्यार्थ्याने लाकूड ठोकावे, काय ऐकले ते वहीत लिहावे, मग तेच लाकूड करवतीने उभे फाडून आत पाहावे आणि लिहिलेले ताडून घ्यावे.

"फाडून?" मी म्हणालो. "फाडलेल्या लाकडाची डोलकाठी होते काय?"

"पोरांना डोलकाठी करायची नाही. आपण चुकलो की नाही ते बघायचं आहे."

"म्हणजे तू त्यांना चुकायला शिकवणार?"

"पहिल्या वर्षात तेवढं शिकले तरी मला पुष्कळ आहे."

"आणि मी? मी चाळीस वर्षांत एकही काठी फाडून बघितली नाही, म्हणजे मला काही येत नाही?"

"तुला येतं," तू म्हणालास. "पण तुला येतं हे तुला कसं कळतं?"

दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू फणस घेऊन आलास. फणस खाल्ला, पण वाद काही मिटला नाही.

*

त्यानंतरच्या मार्गशीर्षातली गोष्ट. मला लिहायला जड जातंय, पण लिहितो.

भरडखोलचा धर्मा नाखवा तुला ठाऊक आहे. त्याच्या मचव्याची काठी त्या दिवाळीत मीच निवडली होती. कान लावला, तीन ठोके घातले. ठोके मला कानाने कमी आणि गालाच्या हाडाने जास्त लागले. चौघे नाखवे उभे होते. त्यांच्यासमोर पुन्हा ठोका म्हणायची मला लाज वाटली. मी उठलो आणि म्हणालो, "बोलते."

दीड महिन्यात मुरूडसमोर वारा फिरला आणि ती काठी पुरुषभर उंचीवर मोडली. खाली धर्माचा धाकटा भाऊ पांडू होता. त्याचा पाय मुंबईच्या इस्पितळात गुडघ्याखाली कापला.

मोडलेला तुकडा माझ्या मांडवात आणला त्यांनी, तशीच नवी करून द्या म्हणून. सगळे गेल्यावर मी तो उलटून बघितला. आत हाताच्या मुठीएवढं काळं, ओलं, कुजलेलं. वास येत होता. बहिऱ्यालासुद्धा वास येतो, विसू. मी तो तुकडा राळ उकळायच्या चुलीत घातला आणि तो जळेपर्यंत तिथंच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी धर्माला म्हणालो, "शीड वेळेवर उतरवलं नाहीस. माझी काठी बोलत होती."

तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने मान खाली घातली. "व्हय मिस्त्री. माजंच चुकलं." तेव्हापासून त्याने सुकाणूला हात लावलेला नाही. स्वतःच्या मचव्यावर पगारी तांडेल ठेवलाय आणि स्वतः दोऱ्या ओढतो. गाव म्हणतं, भावाचा पाय यानेच घालवला. तोही तेच म्हणतो.

आणि नवी काठी? तीही मीच निवडली. तसाच कान लावून. तसाच उठून.

*

मग आला गेला मे महिना, तुझा शेवटचा. या खेपेला तू माझ्या उजव्या हाताला बसत होतास. मी जागा बदलली की तूही उठून पुन्हा उजवीकडे यायचास. मी म्हणत होतो, तुला ऊन लागत असेल.

एकदा एकदम विचारलंस, "धर्माची काठी का मोडली रे?"

"शीड उतरवलं नाही."

"तू तुकडा बघितलास?"

"बघायचं काय त्यात? मोडलेलं लाकूड मोडल्यासारखं दिसतं."

मग पिशवीतून कागद काढलास आणि म्हणालास, "मग ही फाडून बघायची ओळ? ठेवू की काढू?"

मी ओरडलो. काय काय बोललो ते आता आठवून अंगावर काटा येतो. माझ्या कानावर विश्वास नसेल तर माझ्या मांडवात पाय ठेवू नकोस म्हणालो. चार बुकं शिकून मला शिकवायला आलास म्हणालो. मी रागावलो होतो असं तुला वाटलं असेल तर ते खोटं. मी भ्यालो होतो. ती ओळ मला धर्माच्या बाजूने दिलेल्या साक्षीसारखी दिसत होती. पोरांनी लाकूड फाडायला सुरुवात केली की कोणीतरी एक दिवस इथंही करवत घेऊन येईल, असं वेडं भय मनात होतं.

तू लेखणी काढलीस आणि त्या ओळीवर रेघ मारलीस. सावकाश मारलीस. "तू म्हणतोस तर काढतो. पुन्हा वाटलं तर सांग. इथे शब्द तुझाच शेवटचा."

तुला कळलं होतं का रे? हे एकच तुला विचारायचं आहे आणि आता विचारता येत नाही. कळलं होतं म्हणून तू मला सांगायला जागा ठेवलीस? की खरंच माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास? पहिलं असेल तर तू कित्येक महिने वाट बघितलीस आणि मी आलो नाही. दुसरं असेल तर मी तुझ्या पोरांच्या पुस्तकात खोटं घातलं. रोज सकाळी मला एक खरं वाटतं आणि संध्याकाळपर्यंत दुसरं. दोन्हींची भीती सारखीच.

निघताना बोर्लीला तुला माणगावच्या मोटारीत बसवून दिलं. तू खिडकीतून काहीतरी म्हणालास. खिडकी माझ्या डाव्या बाजूला होती. मी मान हलवली. मोटार गेली.

*

सोमणमास्तरांचं पत्र आल्यापासून मी जे केलं ते लपवत नाही. पहिले सहा दिवस काहीच केलं नाही. गप्प बसलो की ओळ खोडलेलीच राहणार, नाव छापून येणार, आणि माझं चाळीस वर्षांचं नाव किनाऱ्यावर आहे तसं राहणार. नुसतं गप्प बसायचं होतं. ते मला चांगलं जमतं.

पण वारा सुटला की मी मांडवात समुद्राकडे पाठ करून बसायला लागलो. धर्माचं शीड दिसलं तर ते कलतं आहे असं वाटायचं. नाही दिसलं तर त्याहून वाईट. ही म्हणाली, "आज जेवला नाहीत, कालही नाही. विसूभावजींसाठी की आणखी कशासाठी?" मी सांगितलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी मांडवात कोणी नव्हतं. मी दोन ओंडके शेजारी शेजारी ठेवले. एक चांगला, एक कुजका, वाळवी लागून फेकलेला, कुजका असल्याचं डोळ्यांना दिसत होतं. कान लावून ठोकले. उजवा कान लावून ठोकले. डोळे मिटून ठोकले. दोन्ही सारखेच, विसू. दोन्ही सारखेच. मी पन्नास माणसांना "बोलते" म्हणून सांगितलंय आणि मला लाकूड काय म्हणतं ते किती वर्षं ऐकूच येत नव्हतं कोण जाणे. मी तिथंच भुशात बसलो. माझ्या हातची किती गलबतं आज पाण्यात आहेत त्यांची नावं आठवायला लागलो आणि मध्येच थांबलो. पुढे आठवायची छाती झाली नाही.

मग तुझी पोरं डोळ्यांपुढे आली. मी कधी बघितली नाहीत, पण आली. वह्या घेऊन उभी. ठोकतात, ऐकतात, लिहितात, आणि पुढे फाडून बघायचं नाही. कारण दिवेआगरच्या एका मिस्त्रीला ते कमीपणाचं वाटलं. ती उद्या पुलाखालचं, छपराखालचं लाकूड ठोकणार आणि म्हणणार, ठीक आहे. मी निदान पन्नास काठ्या निवडल्या. ती पोरं किती निवडतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्लीला चालत जाऊन सोमणमास्तरांना कार्ड टाकलं. खोडलेली ओळ परत घाला. प्रस्तावनेतलं नाव काढा. कारण या लेखात येईल, तो मागाहून पाठवतो. कार्ड टाकणं सोपं गेलं. पुणं लांब आहे. भरडखोल जवळ आहे.

*

भरडखोलला गेलो तेव्हा धर्मा वाळूत बसून जाळं विणत होता. मचवा ओहोटीला किनाऱ्यावर टेकलेला. पांडू काखेत कुबडी घेऊन बोंबील वाळत घालत होता.

"या मिस्त्री," पांडू म्हणाला. "तुमचं बरं हाय, दोन पाय हायेत म्हून सगळीकडं फिरता." हा विनोद तो सगळ्यांना करतो. हसत कोणी नाही, तोच हसतो.

मी धर्माच्या समोर उभा राहिलो. "धर्मा, उद्या पाण्यात जाऊ नकोस."

"का?"

"काठी."

"नवी हाय की. तुमीच दिली. बोलते म्हनलात."

"मला ऐकू येत नाही."

तो जोरात म्हणाला, "म्हनलं, नवी हाय!"

"तू बोललास ते ऐकू आलं. काठीचं ऐकू येत नाही. कित्येक वर्षं येत नाही."

त्याच्या हातातली सुई थांबली. "मंग पयली काठी?"

"आतून कुजलेली होती. तुकडा आणलात त्या दिवशी मी बघितला."

"कुटं हाय तो तुकडा?"

"जाळला. राळेच्या चुलीत."

पांडू कुबडी टेकत आला. "दादा, ऐकलंस? तू न्हाय. काठी व्हती."

धर्माने त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघत होता. "सव्वा वरस मी या पांडूसमोर बसून जेवलो न्हाय," तो म्हणाला. "आनि तू तुकडाबी ठेवला न्हाईस. आता मी कोनाला काय दावू?"

माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणसाने मला पहिल्यांदा अरेतुरे केलं. एरवी मी पाठ फिरवून चालू लागलो असतो. या वेळी उभा राहिलो.

"मी सांगेन सगळ्यांना. लिहूनही देतोय, छापून येणार आहे."

"मला वाचता येत न्हाय. माज्या गावालाबी येत न्हाय. तोंडानं सांग. आत्ता." आणि तो उठून ओरडला, "ए, या रे समदे! मिस्त्रीला काय सांगायचं हाय!"

जाळ्यावरचे पुरुष आले, पाट्या घेऊन बायका आल्या. मी बोलायला लागलो. एक म्हातारी मागून म्हणाली, "मोट्यानं बोल की रं, काय आयकू येत न्हाय." मग मी मोठ्याने सांगितलं. पहिल्यापासून. तुकडा जाळला तेही.

कोणी मारलं नाही. कोणी समजूतही घातली नाही. एका नाखव्याने विचारलं, "आनि माजी?" दुसऱ्याने तेच. मी म्हणालो, "सगळ्यांच्या. मी निवडलेल्या सगळ्या."

तेव्हा धर्मा म्हणाला, "जा. तुजं गिरमिट घेऊन ये."

"भोक पाडायचं?" एक जण म्हणाला. "उभ्या काठीला? धर्मा, लोक काय म्हनतील?"

"म्हनूंदे. सव्वा वरस म्हनतातच हायेत."

मी दिवेआगरला जाऊन गिरमिट घेऊन परत येईपर्यंत ती माणसं तिथंच बसून होती. मचव्यावर चढायला पांडूनेच मला हात दिला. काठीला पुरुषभर उंचीवर, गाठीच्या शेजारी, गिरमिट लावलं. आजवर मी असं कधी केलं नव्हतं. माझ्या बापाने केलं नव्हतं. धर्माने पुढे होऊन माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि आम्ही दोघांनी मिळून फिरवलं. एक भोक. मग त्याखाली दुसरं. बुडाशी तिसरं.

भुसा बाहेर आला तो धर्माने तळहातावर घेतला. तांबूस होता, कोरडा होता. त्याने बोटांत चुरडला, नाकाशी नेला. दुसऱ्या भोकाचाही तसाच. तिसऱ्याचाही.

"साबूत हाय," तो म्हणाला. "म्हंजे या बारीला तुजं बरोबर व्हतं."

"असेल," मी म्हणालो. "पण मला ठाऊक नव्हतं."